विमलकाकूंचं मेमरी कार्ड

विमलकाकू फोन कधीही आधी ठेवत नसत. बोलणं संपलं, "बरं, ठेवते" म्हणून झालं, तरी त्या फोन कानाला लावून उभ्याच. पलीकडच्याने बंद केला याची खात्री पटली, की मग खाली ठेवायच्या. एकदा मंडईतून काही आणायचं का म्हणून विचारायला मी त्यांना फोन केला आणि बंद न करताच पर्समध्ये टाकला. घरी येऊन जिना चढते तर त्या दारात उभ्या, फोन अजून कानाला. "कोथिंबीर महाग दिली तुला त्याने," त्या म्हणाल्या, "आणि घासाघीस करताना तुझा आवाज फार केविलवाणा होतो, वैशाली. तो सुधार."

ही सवय त्यांच्या हाडीमासी खिळली होती. पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. लग्नाआधी लागल्या, त्या टेबलाटेबलावर थेट फोन येऊन बोर्ड निकामी होईपर्यंत तिथेच. "लाइन जोडायची, पलीकडून हॅलो ऐकायचं, मगच आपण बाजूला व्हायचं," हे त्यांचं ब्रीद, आणि ते त्या कशालाही लावायच्या. माझ्या नवऱ्याने नोकरी बदलायचं ठरवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पलीकडून हॅलो आलं का?" आलं नव्हतं, नुसतं तोंडी बोलणं झालं होतं. त्याने राजीनामा खिशातच ठेवला. ती दुसरी कंपनी पुढे चाकणला आलीच नाही, तेव्हा आमच्या घरात काकूंचा शब्द प्रमाण झाला.

संत तुकाराम नगरमधल्या आमच्या इमारतीत त्यांचं दार माझ्या दारासमोर होतं. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. मुलगा बंगलोरला, यजमान आधीच गेलेले, पण काकूंना बिच्चारी म्हणायची कोणाची टाप नव्हती. स्वतःच्या आवाजाचा त्यांना भारी अभिमान. "कंपनीत माझ्या आवाजाला नाव होतं," त्या सांगायच्या. "तोंड कोणी बघितलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं." आणि मग स्वतःच खळखळून हसायच्या. उगाच नम्रपणा दाखवणाऱ्या माणसांचा त्यांना कंटाळा होता.

नसरीन त्यांना भेटली ती नेहरूनगरच्या गॅरेजमध्ये. काकू सत्तरीतही स्कूटी चालवत, आणि स्कूटीचं काही दुखलं-खुपलं की हमीदभाईंकडे नेत. हमीदभाईंची मुलगी नसरीन जन्मापासून आंधळी, तेव्हा वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती. गॅरेजच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून ती भावाच्या फोनवर पुस्तक ऐकत होती. फोनमधली यांत्रिक बाई कायद्याचं मराठी पुस्तक वाचत होती, म्हणजे सुटलेल्या चाकासारखी पळत होती. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, कलमाचा आकडा आणि पानाचा आकडा एकातच.

"बंद कर ते," काकू म्हणाल्या. "डोकं उठलं माझं."

"मग वाचणार कोण? तुम्ही?" नसरीनने विचारलं. तिची जीभ पहिल्यापासून तिखट.

"हो, मीच. पुस्तक आण इकडे."

हमीदभाई स्कूटीखालून बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "मॅडम, पोरगी लय डोकं खाती हां. आधीच सांगतो, नंतर बोलायचं न्हाई." काकूंनी पुस्तक पिशवीत टाकलं होतं.

वाचन चालायचं ते काकूंच्या स्वयंपाकघरात. बाहेरच्या खोलीत रस्त्याचा आवाज, म्हणून ओट्याजवळ खुर्ची, समोर डाळीच्या डब्याला टेकवून, रेकॉर्डिंग चालू करून ठेवलेला मोबाइल, आणि हातात करार कायद्याचं पुस्तक. काकूंना कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाक्य कुठे मोडायचं ते बरोबर कळायचं. एक धडा झाला की एक फाइल. ती फाइल नसरीनच्या मेमरी कार्डात टाकायची, कारण नसरीनचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. मोठा फोन भाऊ शिफ्टला घेऊन जायचा. बटणांचा फोन मात्र तिच्या अंगठ्याला तोंडपाठ होता: मधलं बटण दाबलं की गाणं, पुन्हा दाबलं की थांब.

कार्डावर फाइल कशी पाठवायची ते काकूंना मी शिकवलं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी एकदाच दाखवलं आणि पुढे त्यांनी मलाच नियम घालून दिले. नसरीनचं कार्ड नखाएवढं, ते छोट्या कार्ड रीडरमध्ये घालून वायरीने स्वतःच्या फोनला जोडायचं. स्वतःच्या फोनमधलं कार्ड कधी अडून बसलं तर ते काढून पुन्हा घालायचं, पण कप्पा उघडायला पिन सापडायची नाही, तेव्हा त्या कानातली कुडी काढून तिची दांडी भोकात खुपसायच्या. पहिल्या वेळी मी घाईत सगळे धडे एकदम निवडले आणि एका फटक्यात पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी नसरीनचा फोन आला, "काकू, माझ्याकडे आधी करारभंग झाला, मग करार झाला, आणि शेवटी दोघं पहिल्यांदा भेटले."

चौकशी केल्यावर कळलं, की असले साधे फोन फायलीचं नाव बघत नाहीत. कार्डात जी आधी पोहोचली ती आधी वाजवतात. त्या दिवसापासून काकूंची पद्धत ठरली. एका वेळी एकच फाइल. ती पोहोचली की तिकडची उघडून पहिलं वाक्य ऐकायचं, म्हणजे पलीकडून हॅलो आलं. मग आपल्याकडची पुसायची, कारण काकूंच्या कार्डात नातवाचे व्हिडिओ ठासून भरलेले आणि जागा कायम कमी. मग पुढची फाइल. मी बघता बघता कंटाळून जायचे. "सगळ्या एकदम पाठवून नंतर क्रम लावू की," मी म्हणायचे. त्यावर काकू म्हणायच्या, "एका कानात एकच माणूस बोलू शकतो, वैशाली. ज्याला दोन ऐकू येतात त्याने डॉक्टरकडे जावं."

मुलाने वाढदिवसाला नवा कोरा फोन पाठवला. डिलिव्हरीवाला जुना फोन बदल्यात घेऊन जायला दारात उभा. काकूंनी नवा फोन चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि त्याला विचारलं, "कार्ड कुठे घालायचं?" तो म्हणाला, आता नव्या फोनांना कार्ड लागत नाही, सगळं वर इंटरनेटवर राहतं. "म्हणजे माळा नसलेलं घर," काकू म्हणाल्या आणि खोका परत त्याच्या हातात दिला. मुलगा आठ दिवस रुसला होता. काकूंनी त्याला रुसू दिलं.

इथे नसरीनचं सांगायला हवं. करार कायद्याचा पेपर तिचा दोनदा गेला होता. एकदा तिचं ऐकून पेपर लिहिणारी लेखनिक मुलगीच ऐन वेळी बदलली, दुसऱ्यांदा अभ्यासच अर्धा झाला होता. यंदा तो निघाला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. कॉलेजला जाताना-येताना हमीदभाई गॅरेज बंद ठेवून तिला सोडायचे-आणायचे. नसरीनने घरात सांगून टाकलं होतं, की या वेळी नाही जमलं तर बास, ती घरी बसेल. हमीदभाई तिला समजवायचे, पण तिचं ठरलं होतं, आणि ती ठरलेलं बदलणारी नव्हती. काकूंना हे ठाऊक होतं. म्हणून त्या वर्षी त्यांनी मुलाकडे जाणं टाळलं, हरिपाठाला जाणं टाळलं, आणि घसा बसला तरी हळदीचं दूध पिऊन वाचत राहिल्या.

परीक्षा तोंडावर आली आणि एका शनिवारी हमीदभाई नसरीनला घेऊन काकूंच्या दारात आले. मी कंपनीच्या बसमधून उतरून नुकतीच वर आले होते.

"पोरगी सकाळपासून बोलत न्हाई," हमीदभाई म्हणाले. "भांडत बी न्हाई. मला भ्या वाटलं."

मग त्यांनी कामातून मान वर करून पाहिलं होतं तेवढं सांगितलं. तिचा बटणांचा फोन गॅरेजमध्ये हातातून पडला होता, बॅटरी सुटली होती. नसरीनने ती पुन्हा बसवून फोन चालू केला. पडद्यावर काहीतरी आलं असणार, कारण नेहमीपेक्षा वेगळा 'टिंग' वाजला. तिने सवयीने मधलं बटण दाबलं, पुन्हा टिंग वाजला, पुन्हा दाबलं. फोन विचारत होता, की कार्ड नीट वाचता येत नाही, सगळं पुसून नव्याने तयार करू का. तो प्रश्न फक्त डोळ्यांना होता. डोळे नसलेल्या मुलीने दोनदा हो म्हटलं आणि वर्षभराचं वाचन पुसलं गेलं.

काकूंनी फोन हातात घेऊन खाली-वर केला. मग आपला फोन उघडला. त्यात काय असणार ते मला ठाऊक होतं, तरी मी बघत राहिले. त्यात नातू होता, भजनं होती, पुरणपोळीची कृती होती. करार कायद्याचा एकही धडा नव्हता. पलीकडून हॅलो आल्यावर प्रत्येक धडा त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला होता.

त्या खुर्चीवर बसल्या. "पोरीने बटण दाबलं ते सोड," त्या म्हणाल्या. "लाइन मी सोडली. जन्मभर बरोबर सोडली, आणि इथे चुकले. माणसांचं बोलणं पुन्हा होतं, गं. पुस्तक पुन्हा वाचायला वर्ष लागतं."

मी आमच्या कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्या सचिनला फोन लावला. तो जेवत होता, पण भला माणूस. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, कार्डात त्यानंतर नवीन काही टाकलंय का. टाकलं नव्हतं. "मग राव मॅडम, आशा आहे," तो म्हणाला. "पुसलं म्हणजे फक्त वरच्या चिठ्ठ्या गेल्या. आतला माल असतो. पण आता त्या कार्डाला हात लावू नका, एक फोटोसुद्धा टाकू नका." त्याने सांगितलेला प्रोग्रॅम मी लॅपटॉपवर घेतला, आणि रविवारी सकाळी काकूंच्या ओट्यावर लॅपटॉप मांडून आम्ही तिघी बसलो. हमीदभाई खाली स्कूटीचं काहीही बिघडलेलं नसताना ती उघडून बसले.

फायली परत आल्या. भराभर येत होत्या आणि काकू माझ्या खांद्यावर थापा मारत होत्या. मग मी नीट बघितलं आणि माझे हात थांबले. एकाही फायलीला नाव नव्हतं. नुसते आकडे, आणि क्रमाचा पत्ता नाही. पुस्तकाची पानं सुटी होऊन वाऱ्यावर पसरावीत तशी गत. प्रत्येक फाइल पुस्तकाशी लावून बघत बसलो असतो तर परीक्षा उलटून गेली असती.

"वाजवा," नसरीन म्हणाली. कालपासूनचा तिचा पहिला शब्द.

मी एक फाइल वाजवली. काकूंचा आवाज आला, "कलम पंचवीस. प्रतिफलाशिवाय केलेला करार..."

"प्रतिफलाचा दुसरा भाग. मागे कुकर आहे. तिसऱ्या शिट्टीला काकू उठून जातात, म्हणून पुढची फाइल 'हां, तर' नी सुरू होते. ती शोधा."

काकूंनी चपापून माझ्याकडे पाहिलं. आपल्या वाचनात कुकर आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी पुढची वाजवली, त्याच्या पुढची वाजवली. नसरीन चार शब्द ऐकायची आणि सांगायची. ही सर्दीतली, म्हणजे संक्रांतीच्या आसपासची, अपात्र व्यक्तींचा करार. ह्यात खालून भंगारवाला ओरडतो, म्हणजे रविवार, म्हणजे करारभंग. ह्यात काकू मध्येच "हा कायदा कोणी केला कोण जाणे" असं पुटपुटतात, ती नुकसानभरपाई.

"मी असं म्हटलंय?" काकू म्हणाल्या.

"बऱ्याच ठिकाणी. एकदा मलाही शिव्या दिल्यात. मला अभ्यास करायला बरं वाटायचं."

मग एक फाइल अशी लागली, की काकू 'कपट' या धड्याचं शेवटचं वाक्य वाचतात, दारावरची बेल वाजते, आणि फोन चालूच राहिल्यामुळे पुढे त्यांचं दूधवाल्याशी झालेलं भांडण अथपासून इतिपर्यंत. "दूध म्हणून देतोस ना? मग पाणी म्हणून दे, मी पाण्याचा वेगळा विचार करीन." आम्ही तिघी हसायला लागलो. नसरीन तर इतकी हसली, की स्टुलावरून पडता पडता वाचली. जिन्यातून हमीदभाई धावत वर आले. मुलगी हसतेय हे पाहून ते पुन्हा खाली गेले.

संध्याकाळच्या चहापर्यंत पुस्तक पुन्हा उभं राहिलं. काही धडे अर्धेच सापडले. ते काकूंनी तिथल्या तिथे वाचून दिले, या वेळी कुकर मुद्दाम लावून. मग नव्या कार्डात एक एक फाइल, ओळीने. मी मुकाट्याने एक एक पाठवली, आणि काकूंनी प्रत्येकीचं पहिलं वाक्य ऐकलं. गंमत म्हणजे त्या दिवसात नसरीनची सगळी उजळणी झाली होती. पुस्तकात कशामागून काय येतं ते तिने स्वतः लावलं होतं. जाताना ती म्हणाली, "आता मला कार्ड नसलं तरी चालेल. पण राहू दे."

पेपरात कपटावर प्रश्न आला. नसरीनने लेखनिक मुलीला उदाहरण सांगितलं: दुधात पाणी घालून शुद्ध दूध म्हणून विकणारा इसम आणि त्याला जाब विचारणारी गृहिणी. गृहिणीचे संवाद तिने थोडे सौम्य केले, असं ती म्हणते. निकाल लागला त्या दुपारी हमीदभाईंचा काकूंना फोन आला. फोन हातात धरून त्यांनी गॅरेजमधल्या एकेका गाडीचा हॉर्न वाजवला, रिक्षाचा, बुलेटचा, कुणाच्या तरी टेम्पोचा. काकू स्वयंपाकघरात उभ्या राहून सगळे हॉर्न शेवटपर्यंत ऐकत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचं त्यांना सुचलं नाही.

त्यानंतर काकूंनी आपलं ब्रीद दुरुस्त केलं. वयाच्या बहात्तराव्या वर्षी माणूस भाजीत मीठ किती घालायचं तेही बदलत नाही, पण त्यांनी बदललं. "हॅलो आलं तरी लाइन धरून ठेवायची," असं त्या म्हणू लागल्या. प्रत्येक पुस्तकाची तीन कार्डं झाली. एक नसरीनकडे, एक त्यांच्या देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी, आणि एक माझ्या चाकणच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. "एका घराला आग लागली, एका घरात चोर आला, तरी तिसऱ्या घरात पुस्तक राहील," त्या म्हणायच्या. ऑफिसात मला विचारायचे, ड्रॉवरमध्ये काय सांभाळता मॅडम, तर मी सांगायचे, पुरावा कायदा.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. सांगवीहून एक मुलगा आला, तो बी.एड. करत होता. चऱ्होलीहून एक आज्जी आपल्या नातीला घेऊन आल्या. "बाई, आमची पोर आंधळी हाय, पर डोकं लई चालतंय तिचं. आमाला बी द्या की वाचून." काकूंनी इतिहास वाचला, मानसशास्त्र वाचलं, एकदा तर शेअर बाजारावरचं पुस्तक वाचलं आणि त्यानंतर महिनाभर मला सल्ले दिले. ती कार्डं अजून फिरताहेत. परवाच मला एका मुलीने विचारलं, की ह्या वाचणाऱ्या मॅडमना भेटता येईल का.

पण मला त्या आठवतात त्या पिंपरीच्या कोर्टातल्या. नसरीनला सनद मिळाली होती. पहिल्यांदा एकटीने उभं राहायचा तो दिवस. एका भाडेकरू बाईचं पाणी घरमालकाने तोडलं होतं, ते जोडून मिळावं एवढाच अर्ज. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. शेवटच्या बाकावर आम्ही बसलो, आणि काकू माझा हात इतका घट्ट धरून होत्या, की माझ्या बांगड्या रुतत होत्या. नसरीन काळ्या कोटात उभी राहिली. हातात एकही कागद नव्हता. ती बोलायला लागली आणि मी चमकले. स्वल्पविरामाला अर्धा श्वास, पूर्णविरामाला पूर्ण, कलमाचा आकडा आला की त्याआधी किंचित थांबून, प्रत्येक अंक वेगळा. त्या खोलीत विमलकाकूंचा आवाज बोलत होता, फक्त पन्नास वर्षांनी लहान झालेला आणि थोडा जास्त भांडखोर. न्यायाधीशांनी मान वर करून पूर्ण ऐकलं, दोन प्रश्न विचारले, आणि पाणी आजच्या आज जोडून द्यावं असं सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात ती भाडेकरू बाई नसरीनच्या गळ्यात पडून रडत होती. हमीदभाई दिसेल त्याला पेढे देत होते, समोरच्या पक्षाच्या वकिलांनाही. काकू मात्र भिंतीला टेकून उभ्या होत्या. बोलायला गेल्या आणि आवाजच फुटेना. ज्या आवाजाला कंपनीत नाव होतं, तो त्या दिवशी चक्क बंद पडला. पायऱ्यांपाशी आलो तर डोळ्यांतल्या पाण्याने त्यांना पायऱ्या दिसेनात. नसरीनला कसं कळलं कोण जाणे. तिने पांढरी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात काकूंच्या कोपराखाली घातला आणि एक एक पायरी चाचपत त्यांना खाली उतरवू लागली. "ही उंच आहे, काकू. आता सपाट. आता पुन्हा एक," ती सांगत होती, आणि विमलकाकू तिचं ऐकत, मुकाट्याने, पाऊल टाकत होत्या.